हिरड्यांच्या रंगाची फौज

राजुऱ्याच्या डॉ. शाहीन यांना माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नसत. भाजीबाजारात समोरासमोर गाठ पडली आणि मी नमस्कार केला, तर त्या वांग्याकडे बघावं तशा माझ्याकडे बघत. मग मी ओशाळून हसलो की लगेच ओळख पटे. "अच्छा, तुम्ही होय. वरचा डावा सुळा. काम अर्धं सोडून पळाले होते ना?" हे सगळं भर बाजारात, मेथीच्या जुड्यांच्या साक्षीनं, खणखणीत आवाजात. दात हा माणसाचा खाजगी मामला असतो, असं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याचा जबडा तेवढा लक्षात ठेवला असता.

त्या मूळच्या चंद्रपूरच्या. वडिलांचं कुलूप-बिजागऱ्यांचं दुकान. मुलीनं नागपुरात दातांची डॉक्टरकी केली आणि राजुऱ्याला, बसस्टँडच्या मागे, दवाखाना टाकला. लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणत, "पाहिले ना चार-पाच जण. एकाचाही चावा सरळ नव्हता." कवळ्या त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत स्वतःच बनवत. नागपूरहून करून आणलेल्या कवळ्यांबद्दल त्यांचं मत मी इथे लिहू शकत नाही.

आता माझा त्यांच्याशी संबंध कसा आला ते सांगतो. त्यात माझी शोभा आहे, पण त्याला इलाज नाही.

मी तेव्हा चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या वीज केंद्रात इंजिनियर होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या विलायतेतल्या आतेभावानं मला एक जाडजूड पुस्तक पाठवलं. परग्रहावरचे राक्षस आणि माणसांचं सैन्य यांची लढाई टेबलावर खेळायची, त्याचे ते नियम. फासे टाकायचे, पट्टीनं इंच मोजून फौज सरकवायची, कोण कोणाला खातो ते बघायचं. पुस्तक आलं, सोंगट्या आल्या नाहीत. मग आम्ही वसाहतीतल्या क्लबच्या टेबल टेनिसच्या टेबलावर कोळशाचे डोंगर रचले आणि माणसांचं सैन्य स्वयंपाकघरातून उभं केलं. तुरीचा दाणा म्हणजे सैनिक. चिंचोका म्हणजे रणगाडा. पृथ्वीचा सरसेनापती मी.

राक्षसांकडून खेळायचे बंडूभाऊ मोहुर्ले. ते कोळसा विभागात वॅगन टिपलर चालवत. कोळशानं भरलेली आख्खी वॅगन पकडून कुशीवर उलटी करणारं ते अजस्र यंत्र, आणि ते हलवणारे बंडूभाऊ एका काचेच्या केबिनमध्ये, गालात खर्रा. खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोळवून केलेला आमच्याकडचा चौथा आहार. बंडूभाऊंना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे नियम मी वाचून सांगायचो. सांगताना ते जरासे माझ्या बाजूला कलायचे. तरी बंडूभाऊच जिंकायचे.

राक्षस मात्र मी घडवला होता. गळक्या नळाला लावायचा दोन गोळ्यांचा मसाला असतो ना, त्याचा. आठ दिवस खपून केलेला तो राक्षस मी शर्टाच्या खिशात घालून फिरायचो. कोणी विचारलं तर दाखवायला. कोणी विचारत नव्हतं.

दाढ दुखायला लागली म्हणून मी राजुऱ्याला गेलो. खुर्चीत मागे रेललो तेव्हा तो खिशातून घरंगळून अवजारांच्या ट्रेमध्ये पडला. माझ्या तोंडात कापूस. डॉक्टरबाईंनी चिमट्यानं त्याला उचलून दिव्याखाली धरलं.

"मले वाटलं, गळू पडलं तुमचं."

मी घशातून आवाज काढून 'राक्षस' असं सुचवलं.

"राक्षस? बरं. खातो काय हा?"

मी स्वतःकडे बोट केलं.

"माणसं खातो? कायनं? तोंड कुठी आहे याचं?" मी दाखवलं. "हे तोंड आहे? जबडा कुठून फिरते याचा? आणि मागचं दार? खाल्लेलं जाईन कुठून? दोन दिवसांत पोट फुगून मरन बिचारा."

माझी दाढ निघाली त्याचं मला दुःख झालं नाही. राक्षसाचं झालं.

पुढच्या खेपेला टाके काढायला गेलो, तर त्यांनी एक कागदी पुडी हातात ठेवली. "तुमच्या गळवासाठी सोबती केला."

अंगठ्याएवढा होता. सहा पाय, पाठीवर अळीसारखी वळ्यावळ्यांची चामडी, आणि तोंड असं उघडलेलं की आत बघताना माझीच मान मागे गेली. जिभेखालच्या शिरा होत्या. पडजीभ होती. ओठ दातांवरून मागे सोललेले, पण त्यात राग नव्हता. भूक होती, नुसती आणि खरी. बाई कवळी करायच्या रीतीनंच त्याला करत. आधी मेणात कोरायचा, प्लास्टरमध्ये पुरायचा, उकळत्या पाण्यानं मेण वाहवून टाकायचं, राहिलेल्या पोकळीत कवळीचा मसाला ठासून पुन्हा उकळायचं आणि प्लास्टर फोडायचं. मसाला कवळीचा, त्यामुळे राक्षस हिरडीच्या गुलाबी रंगाचा. त्या मसाल्यात खऱ्या हिरडीसारखं दिसावं म्हणून केसाहून बारीक लाल धागे घातलेले असतात. उजेडाकडे धरला की राक्षसाच्या अंगात रक्त फिरतंय असं वाटे. मी इंजिनियर माणूस, थरथरणारे काटे बघण्यात माझा जन्म गेला; पण त्या दिवशी ती पुडी मी चार वेळा उघडून बघितली, एवढं मला आठवतं.

मग त्यांना नाद लागला. त्यांना परग्रहाबिरहाचं काही पडलेलं नव्हतं. पुस्तकातली चित्रं दाखवली तर म्हणाल्या, "याचे दात एकावर एक बसतच नाई. हा उपाशी आहे, म्हणून एवढा चिडते." त्यांच्या प्रत्येक राक्षसाचे दात कोणा ना कोणाचे असत. बँकेच्या मॅनेजरांचे एकमेकांवर चढलेले सुळे सहा पायांच्या भुंग्याच्या तोंडात दिसले. माझी पुढची फट एका गोगलगाईला मिळाली.

एकदा म्हणाल्या, "तुमच्या चिमणीची राख आणा. बारीकवाली." ऊर्जानगरात राख मागावी लागत नाही, वाळत घातलेले कपडे झटकले तरी मिळते. मी स्कूटरवर बांधून पोतं नेलं. त्यांनी त्यातली चमचाभर घेतली. ती मेणावर शिंपडून कुंचल्यानं दाबली की कातडीला असा खरखरीतपणा येई की बोट लावायला धीर होत नसे. उरलेलं पोतं पुढे कायम त्यांच्या दारातच राहिलं. येणारा प्रत्येक पेशंट त्याला अडखळे, आणि त्या आतून ओरडत, "ते इंजिनियर साहेबांचं आहे."

पण खरा पराक्रम पुढेच आहे. गुलाबी राक्षस लढाईत शोभत नाहीत असं माझं मत पडलं. रंग द्यायचा, तर आधी तेलकटपणा काढला पाहिजे, हे मला कळत होतं, शिक्षणच तेवढं. मी आख्खी फौज स्टीलच्या थाळीत मांडून वर थिनर ओतला आणि ड्यूटीवर गेलो. परत येऊन बघतो तर फौज एकजीव. पाय कोणाचे, पाठ कोणाची, काही पत्ता नाही. एका गुलाबी लगद्यातून इकडे तिकडे उघडी तोंडं वर आलेली.

थाळी तशीच घेऊन राजुऱ्याला गेलो. वाटेत तीन-चार थापा तयार केल्या होत्या. बाईंनी थाळी दिव्याखाली धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. मी खुर्चीच्या हाताला घट्ट धरून उभा.

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही केलेलं पहिलं जिवंत काम आहे."

आणि खरोखर, लगदा कडक झाल्यावर त्यांनी त्याला फक्त खालून पाय दिले आणि सगळ्या तोंडांच्या मधून एकच घसा कोरला. अनेक तोंडं आणि पोट एक, असा तो राक्षस झाला. मी ज्याला सत्यानाश म्हणत होतो, त्यात त्यांना एक कुटुंब दिसलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर कुठल्याही वस्तूला बिघडली म्हणायला घाबरतो.

एकदा मी विचारलं, "डॉक्टर, तुमच्या एकाही राक्षसाचं तोंड मिटलेलं का नसतं?"

त्या मेण तापवत होत्या. "दिवसभर मी बंद होऊन राह्यलेली तोंडं पाहते. खर्ऱ्यानं गाल आतून चिवट होते, लाकडासारखा. मग तोंड उघडत नाई. कोणाचं दोन बोटं, कोणाचं एक. संध्याकाळी एखादं तरी पुरं उघडं पाहावं वाटते."

म्हणूनच त्या दिसेल त्याला सांगत, "तीन बोटं घाला." आपली मधली तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये घालायची, गेली तर तोंड निरोगी. बंडूभाऊ माझ्याबरोबर राक्षस आणायला आले, तेव्हा दारातच त्यांना हुकूम झाला. त्यांची दोन गेली. तिसरं ओठांवर टेकून राहिलं.

"बाई, बोटंच जाडी हाय माझी," बंडूभाऊ हसत म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. खिशातली पितळी पट्टी काढून त्यांनी माप घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्यासाठी मोठा करते एक."

तो भुक्या. नाव बंडूभाऊंनी ठेवलं. मुठीएवढं धड, आवळ्याएवढं डोकं, आणि डोकं खिळीवर बसवलेलं, काढता-घालता येणारं. भुक्याबरोबर बाईंनी एक नियमही पाठवला. गिळण्यासाठी आम्ही तोवर फासे टाकत होतो. बाईंना ते पटेना. "खायले नशीब कायले पायजे? तोंड पायजे. घालून पाहा. गेला तर खाल्ला."

पहिल्याच रविवारी भुक्यानं माझे चार चिंचोके गिळले. रणगाडे होते ते. बंडूभाऊ एकेक चिंचोका त्याच्या तोंडात सारत आणि तो आत टक्कन पडल्याचा आवाज ऐकून लहान मुलासारखे खूष होत.

काही महिन्यांनी बंडूभाऊ माप देऊन आले, आणि मागोमाग बाईंनी भुक्याचं नवं डोकं पाठवलं. "कात टाकली त्यानं," असा निरोप. दिवाळीनंतर आणखी एक आलं. पुढच्या पावसाळ्याआधी आणखी एक. डोकं प्रत्येक वेळी जास्त देखणं होत गेलं. आणि काय योगायोग, मी जिंकायला लागलो. माझे रणगाडे वाचू लागले. मग सैनिकही वाचू लागले. मी याचं श्रेय माझ्या नव्या व्यूहरचनेला दिलं. क्लबच्या वार्षिक संमेलनात त्या व्यूहावर, फळ्यावर आकृती काढून, छोटं भाषणसुद्धा केलं. टाळ्या पडल्या. बंडूभाऊ मागच्या रांगेत होते. जेवणात त्यांनी झणझणीत तर्री घेतली नाही, दही-भात कालवून घेतला. वैदर्भी माणूस तर्री नाकारतो तेव्हा त्याच्या घरी काहीतरी झालेलं असतं, एवढं तरी मला कळायला हवं होतं. तिखट त्यांना तोंडात आगीसारखं लागत होतं आणि ते कोणाला सांगत नव्हते.

पुढच्या रविवारी बंडूभाऊंनी तुरीचा दाणा भुक्याच्या तोंडात घातला. जाईना. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. मी जिंकलेल्या डावांची नोंद ठेवायचा कागद काढायच्या तयारीत होतो. त्यांनी भुक्याचं डोकं खिळीवरून काढलं, जवळ धरलं आणि बराच वेळ बघितलं. मग ते उठून क्लबच्या बेसिनवरच्या आरशासमोर गेले. तोंड उघडलं. उघडेल तेवढं. शेजारी भुक्याचं तोंड धरलं.

भुक्याच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला होता. बंडूभाऊंनी तरुणपणी सोड्याची बाटली दातानं उघडली होती, तो कोपरा.

"साहेब," ते आरशातूनच म्हणाले, "हे माझंच तोंड हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही राजुऱ्याला गेलो. बंडूभाऊंनी डोकं टेबलावर ठेवलं.

"बाई, काऊन केलं असं?"

"मी कुठी केलं? मी मापलं. दर खेपेले तुमचं माप घेतलं आणि तेवढंच याचं ठेवलं."

"नियम बदलवा मंग. हा उपाशी मरून राह्यला."

"नियम सुपारीचा आहे, बंडूभाऊ. ऐकत असन तर तिले सांगा."

बाईंनी ड्रॉवरमधून भुक्याच्या आधीच्या सगळ्या डोक्यांचे, मापासाठी मेणात वेगळे करून ठेवलेले नमुने काढून ओळीनं मांडले. चिंचोका खाणारं, मग तूर खाणारं, मग हे. ओळीच्या शेवटी त्यांनी मेणाचा साधा गोळा ठेवला, सुरी तापवली आणि एका फटकाऱ्यात त्यावर रेघ ओढली. ती रेघ म्हणजे तोंड.

"हे पुढचं. मग नळीनं जेवण. त्याच्यापुढचं मी कितीकांचं पाह्यलं आहे. ते मले मेणात नाई करायचं."

त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला.

गोष्टीत इथे माणूस खर्ऱ्याची पुडी फेकून देतो. बंडूभाऊ बाहेर आले, पायरीवर बसले, पुडी सोडली आणि खाल्ली. मी शेजारी बसलो. दारातल्या राखेच्या पोत्याकडे बघत बसलो. मला वाटलं, संपलं.

त्यानंतर बरेच दिवस ते खेळायला आले नाहीत. एकदा कामानिमित्त टिपलरकडे गेलो तर केबिनच्या काचेतून दिसलं: बंडूभाऊंच्या दातांमध्ये कुल्फीच्या काड्यांची चवड. बाईंनी दिलेला व्यायाम. वॅगन चढत जाई, तसतसे ते आणखी एक काडी सारून तोंड वर रेटत. वॅगन पुरी उलटून कोळसा धडाडून खाली कोसळे, तोवर डोळ्यांतून पाणी वाहत असे. मग काड्या काढून, गाल चोळून, पुढची वॅगन. गालात आतून इंजेक्शनंही चालू होती. पानठेल्यावरच्या सोबत्यांनी "काय बंडूभाऊ, कुल्फी झाली काय?" म्हणून थट्टा केली, तर त्यांनी काड्यांमधूनच त्यांना काहीतरी उत्तर दिलं. ते स्पष्ट ऐकू आलं नाही हे बरं झालं. खर्रा मध्ये एकदा परत सुरू झाला, परत सुटला. बाई माप घेत. वाढलं तरी बोलत नसत, घटलं तरी बोलत नसत. पितळी पट्टीवरच्या आकड्याकडे आम्हीच बघायचो.

आणि मग एका रविवारी त्या स्वतः क्लबात आल्या. पहिल्यांदाच. पर्समधून रुमाल काढला, रुमालातून भुक्याचं नवं डोकं. बंडूभाऊंनी ते खिळीवर बसवलं. माझा एक सैनिक समोरच होता. तो मी मुद्दाम पुढे सरकवला असं लोक म्हणतात. खोटं आहे, माझी चालच तेवढी वाईट होती. बंडूभाऊंनी तुरीचा दाणा उचलला. दाणा भुक्याच्या ओठांवर अडला, किंचित फिरला, आणि आत गेला.

आत पडल्याच्या त्या बारीक आवाजाएवढा मोठा आवाज मी एवढ्या मोठ्या वीज केंद्रात परत कधी ऐकला नाही. बाईंनी कोणाकडे बघितलं नाही. भुक्याच्या डोक्यावरचा राखेचा कण नखानं काढत म्हणाल्या, "चिंचोका नाई जाणार आता कधी. पण तूर खाऊन माणूस जगते."

त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी राजुऱ्याचा दवाखाना एका धाकट्या डॉक्टरच्या हवाली केला आणि भामरागडकडे जायचं ठरवलं. तिथल्या एका लहानशा दवाखान्यात. आम्ही हादरलो. पावसाळ्यात नद्या चढल्या की तिकडचा रस्ता बंद होतो, हे मी त्यांना नकाशा काढून समजावलं.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पेशंट अर्धं काम सोडून पळन कुठी?"

मग नकाशा मला परत देत, "खर्ऱ्याच्या पुड्या आता तिकडच्या दुकानांत पोचून राह्यल्या. तिथली तोंडं अजून उघडी आहेत, साहेब. पुड्यांच्या मागून पोचून उपयोग नाई."

निघायच्या सकाळी आम्ही दोघं राजुऱ्याच्या स्टँडवर गेलो. त्यांच्याजवळ एक ट्रंक आणि मेणाचा डबा. त्यांनी बंडूभाऊंच्या हातात भुक्याचं शेवटचं डोकं ठेवलं. याचा खालचा जबडा वेगळा होता. कानाच्या मागे दोन्हीकडे तारेची बिजागरी, मोहरीएवढी. बिजागऱ्यांच्या दुकानातली मुलगी ती.

"आता माप घ्यायले मी नाई. आरशात पाहाचं. जेवढं तुमचं उघडन, तेवढंच याचं उघडाचं. खोटं नाई खेळाचं."

"नाई खेळत, बाई," बंडूभाऊ म्हणाले. आणि त्यांनी भुक्याचा जबडा अंगठ्यानं मिटवून घेतला.

मी निरोपाचं दोन ओळींचं भाषण पाठ करून गेलो होतो. सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "बोलत राहा, सुळा दिसून राह्यला. किडला आहे." आणि बसमध्ये चढल्या.

लाल बस सुटेना. वेळ झाली, इंजिन चालू, ड्रायव्हर हॉर्न देतोय, पण घंटी वाजेना. आम्ही खिडकीशी जाऊन बघितलं. बाई पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या, हातात पितळी पट्टी. समोर कंडक्टर उभा, एक गाल खर्ऱ्यानं फुगलेला असावा, कारण तो सगळा खर्रा आता त्याच्या डाव्या तळहातावर होता. उजव्या हाताची मधली तीन बोटं त्यानं उभी धरून तोंडात घातली होती, आणि बाई वाकून, जगात दुसरं काही नसल्यासारख्या, आत बघत होत्या. मागच्या बाकांवरची माणसं एकेक करून आपापली बोटं तोंडाशी नेत होती.

माझ्या शेजारी बारीकसा खट्ट असा आवाज झाला. बंडूभाऊंनी अंगठ्यानं भुक्याचा जबडा उघडला होता. ते स्वतःही तोंड उघडून उभे होते, आणि दोन्ही मापं जुळतात का, ते मला खुणेनं बघायला सांगत होते.